दुसरी नळी

सल्फेट आणि कार्बोनेट, बेरियमची ही दोन भावंडं दिसायला सारखीच. दोन्ही पांढरी, आणि पाण्यात टाकली की तळाशी जाऊन बसणारी, कितीही ढवळा. फरक कळतो तो आम्लात. सल्फेट तिथेही ढिम्म राहतं, कार्बोनेट फसफसून विरघळतं. पोटाच्या एक्स-रेआधी रोग्याला पाजतात ते सल्फेट, कारण पोटातल्या आम्लालाही ते दाद देत नाही; जसं गेलं तसं बाहेर पडतं. कार्बोनेट विरघळून रक्तात जातं, आणि ते विष आहे.

पावडरीच्या त्या छोट्या कारखान्यातल्या परीक्षक बाईंना हे तोंडपाठ होतं. म्हणूनच प्रत्येक पोत्यामागे दोन नळ्या: एक पाण्याची, एक आम्लाची.

काल संध्याकाळी आम्लाची बाटली रिकामी निघाली. स्टोअरकीपर कुलूप लावून घरी गेलेला, क्लिनिकचा माणूस दारात खोळंबलेला. पाण्यात पावडर तळाशी बसली. दुसऱ्या नळीने एवढ्या वर्षांत कधी वेगळं काही सांगितलं नव्हतं. बाईंनी पोतं जाऊ दिलं.

सकाळी स्टोअरकीपर बाटली घेऊन हजर झाला.

"घ्या बाई, तुमचं आंबट पाणी. काल माझ्या नावाने बरेच खडे फोडलेत म्हणे?"

"अजून संपले नाहीत. ठेवा तिथे."

राहिलेलं काम उरकावं म्हणून बाईंनी नमुन्यातली चिमूटभर पावडर आम्लात टाकली. ती फसफसली. बघता बघता तळ मोकळा झाला, नळी नितळ.

"हे पोतं कुठून आणलंत?"

"नेहमीच्याकडे माल नव्हता. फरशीला चकाकी देणाऱ्या कारखान्यातून उचललं. बेरियमच आहे की!"

बाईंचा हात फोनकडे गेला. आज त्याच क्लिनिकमध्ये दादाचा एक्स-रे होता. महिनाभर तो टाळाटाळ करत होता आणि त्यांनीच हात धुऊन मागे लागून त्याला तयार केलं होतं. "आमचीच पावडर असते. डोळे मिटून पी," असंही वर सांगितलं होतं.

"वहिनी, दादाला काही पिऊ देऊ नका!"

"आता? ग्लास रिकामा करून बसलेत, वन्सं. खडू कालवून पाजला म्हणतात. तुमच्या नावाने शंख चाललाय."

"दुसऱ्या कुणाला देऊ नका म्हणावं. डॉक्टरांना फोन द्या. आधी द्या."

डॉक्टरांना त्यांनी चार वाक्यांत सगळं सांगितलं. कपाटातून मॅग्नेशियम सल्फेटची बाटली काढली आणि धावत सुटल्या. हे मीठ पोटात वेळेवर पोचलं, तर विरघळलेलं बेरियम पुन्हा न विरघळणारं सल्फेट बनणार होतं. पोटात जेवढं उरलं असेल तेवढंच.

दादा खाटेवर आडवा होता. दोनदा उलटी झाली होती, हाताला सलाइन लावलं होतं.

"आलीस? सरबत झकास होतं गं. ओठांना मुंग्या आल्यात."

बाईंनी ग्लासात मीठ ढवळलं. ते लगेच विरघळलं.

"पी."

"पुन्हा? मला काय नळी समजतेस?"

"पी ना रे."

तो प्यायला. डॉक्टर बाईंना बाजूला घेऊन म्हणाले, "पोटातलं अडेल. रक्तात गेलेलं अडत नाही. पोटॅशियम देतोय, पण रक्तातली त्याची घसरण त्याहून वेगाने चाललीय. मोठ्या हॉस्पिटलची गाडी निघालीय. श्वासाचे स्नायू तोवर टिकले पाहिजेत."

वहिनी दाराशी उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं.

"पण वन्सं, तुम्ही तपासलं होतं ना?"

"पाण्यात," बाई म्हणाल्या.

 

बाई खाटेवर टेकल्या, दादाचा हात हातात घेतला.

"मूठ आवळ बघू. जोरात."

"आवळलीय की," दादा म्हणाला.

त्यांच्या तळहातावर त्याची बोटं उघडीच पडली होती.