बाईंचा निळा एप्रन

आजीने केलेल्या काजातून बटण कधी आपणहून सुटलं नाही, आणि आजीच्या तोंडून सुटलेला शब्द तिला कधी कुणी परत घ्यायला लावला नाही. गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या अंगावर तिची शिवण होती आणि उरलेल्यांना तिच्या जिभेचा धाक. घरात तिच्यापुढे एकाचंच चालायचं, नातवाचं. नऊ वर्षांचं पोर, बोलायचं मोजकंच, नजरेला नजर देत नसे. पण मशीनखाली बसून बटणं रंगवार लावायचं, म्हणून आजी त्याला बटण्या म्हणायची. तिच्या डाव्या हाताच्या एका बोटात कधीकाळी मशीनची सुई घुसली होती. नख मधोमध चिरलं ते तसंच वाढलं. त्या चिरेवरून अंगठा फिरवत बटण्या झोपी जायचा.

शाळेतून त्याला काढलं सुनेने. एके दिवशी ती न सांगता डबा द्यायला गेली, तर पोर वर्गाबाहेर, चपलांच्या फळीशेजारी, भिंतीकडे तोंड करून बसलेलं. मनगटावर स्वतःच्याच दातांचे वळ. मुख्याध्यापिका म्हणाली, त्याला इथेच शांत वाटतं. सुनेने औषधांच्या दुकानातली नोकरी सोडली आणि सांगून टाकलं, आता मीच घरी शिकवणार. आजीने तोंडसुख घेतलंच. त्यांनी दाराबाहेर बसवला, तुम्ही दाराआड बसवा, म्हणाली. तिचा मुलगा नेहमीसारखा पेपरात डोकं खुपसून बसला.

पण बटण्या आईकडे शिकेना. आई म्हणजे कुशी. वही समोर आली की तो तिच्या कुशीत शिरे. अधूनमधून सल्ला द्यायला येणाऱ्या ताईंनी सुचवलं, शिकवताना वेगळा कपडा घालत जा, म्हणजे अभ्यासाची वेळ त्याला कळेल. आजीने नाक मुरडत निळा एप्रन शिवून दिला. पुढे गळ्यापासून बटणं, दोन खोल खिसे. नाक मुरडलं तरी शिवण चोख. आणि उपाय लागू पडला. एप्रन दिसला की पोर खुर्चीत ताठ बसे, चमचे मोजे, बुटाची नाडी बांधे. एप्रनमधल्या आईला तो 'बाई' म्हणायला लागला. सगळे हसले. आजीही हसली.

मग एका दुपारी, अभ्यास चालू असताना, त्याचं बोट दारात चेंगरलं.

"आई," तो किंचाळला. सून धावली, उचलायला वाकली, तर त्याने तिला दोन्ही हातांनी ढकललं. "बाई नको. आई."

अरे मीच ती, मीच, असं ती म्हणत राहिली, आणि तो रक्ताळलेलं बोट घेऊन स्वयंपाकघरात, न्हाणीघरात, कपाटामागे आईला शोधत फिरला. तिने एप्रन काढायला घेतला, पण घाईत काज दाद देईना. शेवटी आजीनेच कात्री घेऊन बटणं कापून टाकली. ती जमिनीवर घरंगळली. एरवी बटण्याने आधी ती वेचली असती. आता तो आईच्या गळ्याला लोंबकळला आणि विचारत राहिला, बाई गेली का.

संध्याकाळी सून म्हणाली, "आई, त्याला परत शाळेत घालू. तिथे काहीही झालं तरी घरी आल्यावर त्याला आई सापडायची."

मुलाने पेपर न हलवता हो म्हटलं. आजीने ती चपलांची फळी कधी पाहिली नव्हती, तरी ती तिच्या डोळ्यांपुढून हटेना. तिने एप्रन मशीनवर घेतला, दोन्ही बाजूंची शिवण उसवून सैल केली आणि बटणं पुन्हा लावली.

"उद्यापासून बाई मी."

"तुम्ही? तुम्हाला धड..."

"धड वाचता येत नाही, बोल की. नाडी बांधायला कुठे वाचावं लागतं? अक्षरं तू मला शिकव, मी त्याला शिकवीन."

"तसं नाही. तो तुमच्याजवळ यायचा नाही, आई."

"सासू आहे मी. नावडती व्हायची सवय आहे."

चिरलेल्या नखावर ती अभ्यासाआधी चिंधी गुंडाळायची. बाईंच्या हाताला आजीचं बोट नको. बटण्या शिकला. शर्टाची बटणं स्वतः लावायला लागला. संध्याकाळी एप्रन खुंटीवर गेला, चिंधी सुटली, की आजी परत यायची आणि तो तिचं बोट धरायचा. मात्र अभ्यासात मध्येच त्याची नजर मशीनखालच्या रिकाम्या जागेकडे जाई. आजी कुठे, विचारायचा. बाहेर गेलीय, असं आजी सांगायची.

एके सकाळी दारात गिऱ्हाईक अडून बसलं आणि चिंधी राहून गेली. बटण्या सारखा उठत होता, तिने त्याला दटावून बसवलं. हातात बटण ठेवताना त्याचा अंगठा तिच्या नखावर पडला. तो थांबला. चिरेवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. मग कधी नाही ते त्याने वर, सरळ तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"आजी," तो म्हणाला.

सून आतून धावत आली. कपडा बदलला तरी माणूस तेच, हे त्याला कळलं, म्हणत तिने रडत रडत ताईंना फोन लावला. आजीने हात पुढे केले होते. बटण्याने आपला हात काढून मांडीखाली दाबून धरला होता.

संध्याकाळी एप्रन खुंटीवर टांगून आजी पलंगावर बोट पुढे करून बसली. तो दारातच उभा राहिला. खुंटीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"बाई," असं हळूच म्हणून तो आईकडे झोपायला गेला.

थोडे दिवस अभ्यास बंद ठेवू, विसरेल तो, असं सून म्हणाली.

"कशाला विसरेल?" आजी म्हणाली. "एवढं कष्टाने शिकलाय."

सकाळी तिने चिंधी शोधली नाही. एप्रनची बटणं गळ्यापर्यंत लावली आणि त्याची खुर्ची पुढे ओढली.