अठराशे पानांचा फूटर

स्नेहलने फाइल सेव्ह केली, खुर्ची मागे सरकवली आणि रविराज सरांना म्हणाली, "आता कुठलंही पान उघडा."

सरांनी कळवणच्या टोमॅटोचं पान उघडलं, मग सटाण्याच्या डाळिंबाचं, मग हरसूलच्या नागलीचं. सगळ्यांच्या तळाशी संस्थेच्या नव्या अध्यक्षांचं नाव झळकत होतं. अठराशे पानं, एक मिनिट. सरांनी अख्खं ऑफिस गोळा केलं. पोरीने तिथेच आपल्या पायावर धोंडा मारून घेतला होता, पण ते तिला सोमवारी कळलं.

शेतकऱ्यांना पीकसल्ला देणारी ही नाशिकची संस्था. वेबसाइटवर गावागणिक, पिकागणिक एकेक पान, आणि प्रत्येकाच्या तळाशी तोच फूटर: पत्ता, हेल्पलाइनचा फोन, अध्यक्षांचं नाव. वर्षानुवर्षं तो पानापानावर वेगळा चिकटवलेला. ऑफिस कॉलेज रोडवरून गंगापूर रोडला आलं तेव्हा जीवन आहेर या जुन्या ऑपरेटरने महिनाभर मान मोडून एकेका पानावरचा पत्ता बदलला. तरी काही पानं राहिलीच. सुरगाण्याचा एक माणूस मातीचा नमुना घेऊन जुन्या ऑफिसच्या बंद शटरसमोर दुपारभर बसून राहिला. ते ऐकून स्नेहलला इतकं लागलं की चार महिने खपून तिने फूटर एकाच फाइलीत काढला आणि सगळी पानं तिला जोडली.

सोमवारी सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. आधी तोंडभरून कौतुक. मग म्हणाले, काम एका मिनिटाचं झालंय, दोन माणसं कशाला? जीवन जुना, नाकासमोर चालणारा. तिने महिनाअखेर मोकळं व्हावं आणि जाण्याआधी एवढी युक्ती त्याला शिकवावी. अनुभवाचं पत्र मात्र झकास देऊ म्हणाले. केवढी ही मेहेरबानी!

तीन दिवस ती शिकवत राहिली. जीवन वहीत सगळं उतरवून घ्यायचा आणि तरी दर वेळी फाइल सोडून एखादं पानच उघडून बसायचा. तिला त्याचा भयंकर राग यायचा. तिने रांधलेलं आयतं याच्या ताटात पडलं होतं, आणि याला ते खाताही येत नव्हतं.

चौथ्या दिवशी जेवणाचा डबा बंद करताना तो हळूच म्हणाला, "स्नेहलताई, हे मला पहिल्या दिवशीच समजलं."

"मग हे नाटक कशाला, जीवनदादा?"

"एक मिनिटाचं काम हाय हे सरांनाबी समजलंय. तुमच्यानंतर माझाच नंबर. तुम्हाला कुठंबी नोकरी लागंल. मला बावन्नाव्या वर्षी कोण उभं करतो?"

स्नेहलने अकरा ठिकाणी अर्ज केले होते. एकाचंही उत्तर आलं नव्हतं. ते तिने त्याला सांगितलं नाही.

तो चहाला गेल्यावर तिने छोटासा प्रोग्रॅम लिहिला. फाइलीतला फूटर पुन्हा अठराशे पानांत एकेक करून जाऊन बसला. उद्या काही बदललं की चार-दोन पानं चुकणार, कुणीतरी हेलपाटा खाणार, हे तिला माहीत होतं. तरी तिने ती एकच फाइल पुसून टाकली. चार महिन्यांची मेहनत चाळीस सेकंदांत गेली. संतापाने तिचे डोळे भरून आले, आणि नेमका कोणाचा संताप आलाय हेही तिला कळेना.

जीवन परत आला. त्याने एक पान उघडलं, तळाचा मजकूर पाहिला. दुसरं उघडलं. मग त्याने आपली वही मिटून खणात ठेवली.

संध्याकाळी सर आले. एका फाइलीमुळे पानं अडकत होती, म्हणून जुनी पद्धत परत आणलीय, असं स्नेहलने सांगितलं. त्यातलं काही न कळल्यामुळे सरांनी जाणत्यासारखी मान हलवली.

"बरं जीवन, हेल्पलाइनचा नंबर बदलायचाय. किती वेळ लागेल?"

जीवनने स्नेहलकडे पाहिलं नाही.

"महिना लागंल, सर."

"लागू दे," सर म्हणाले. "काम नीट झालं पाहिजे."

स्नेहलने टेबलाचा खण रिकामा करायला घेतला.