पंख भिजतील म्हणून

ब्रिखिदा मेक्सिको शहरातून घरी परतली तेव्हा तिच्या ब्लाउजवर दोन ओले डाग होते. पोर सातव्या महिन्यात पोटातच गेली, पण ते दुधाला कोण सांगणार? ते आपलं येतच होतं. आईने तिला आत नेलं, आपली जुनी काळी शाल तिच्या छातीभोवती करकचून आवळली आणि म्हणाली, "आता डोळ्यांतून टिपूस काढायचं नाही. आईच्या आसवांनी लेकराचे पंख भिजतात. मग ते वर पोचत नाही."

आमच्या ओआहाकाच्या खोऱ्यात हे बायकांना पाठच असतं. मला वाटलं, ब्रिखिदा आता भांडेल. माझी ही धाकटी बहीण शहरात बायकांच्या उघड्या पोटांचे प्लास्टरचे साचे काढून प्रदर्शनात टांगते, बाईच्या देहावर बाईचाच हक्क म्हणून पाद्र्यांशी वर्तमानपत्रातून हुज्जत घालते. तिच्या एका कामाचा छापून आलेला फोटो आईने कौतुकाने भिंतीवर लावलाय, फक्त कमरेखालचा भाग दुमडून. पण ती बया मान खाली घालून बसून राहिली. मला त्याचीच भीती वाटली.

पोरीचं तोंडही तिने पाहिलं नव्हतं. ती गुंगीत असताना नवऱ्याने सही केली आणि हॉस्पिटलवाल्यांनी पोर नेली. ना नाव, ना थडगं.

ती जेवेना. मक्याची पेज पुढे ठेवली की साय धरेपर्यंत तशीच. आणि मग एका सकाळी उठून ती मागच्या निवडुंगाच्या वाफ्यात गेली, उताणी झोपली, आणि बोटांनी आपल्या अंगाभोवती माती उकरायला लागली. दुसऱ्या दिवशीही तेच. हळूहळू जमिनीत बाईच्या आकाराचा खळगा उमटला. डोकं, खांदे, पसरलेल्या मांड्या.

कुंपणापलीकडून शेजारची दोन्या एर्मेलिंदा डोकावलीच. तिला आमच्या घरात काय शिजतं ते आमच्याआधी कळतं. "ओतिलिया, तुझी बहीण जिवंतपणीच कबर खणतेय का गं?"

"तुमचं माप घ्यायला येणार आहे नंतर," मी म्हटलं. "तेवढी जागा नाही आमच्याकडे."

ती हसली, पण मला हसू येईना. खळगा खरंच कबरीसारखा दिसत होता, आणि ब्रिखिदा त्यात दिवसभर पडून असायची.

एका दुपारी ती आपणहून म्हणाली, "मला लाल रंग हवाय. खळग्याच्या पोटात भरायला." मला केवढं हायसं वाटलं! आमचा धंदाच तो. फड्या निवडुंगाच्या पानांवर किरमिजी किडे पाळायचे, वाळवायचे, पाट्यावर वाटायचे. मी वाळल्या किड्यांचा डबा पुढे केला. तिने वरवंटा हातात घेतला, चार वेळा फिरवला. पाटा रक्तासारखा झाला.

"नर पण असतात यात?" तिने विचारलं.

"नराला कसला रंग? सगळ्या माद्या. त्याही पोटुशा. अंडी घालायच्या आत उचलाव्या लागतात, नाहीतर रंग उतरतो." लहानपणापासून हे माहीत असलेलं मी बेसावधपणे बोलून गेले. शहरात राहून ती विसरली असेल, किंवा आजवर तिला ते असं ऐकू आलं नसेल.

वरवंटा खाली पडला. तिने तळवे पाहिले आणि परसात जाऊन ओकली. त्या संध्याकाळी तिला ताप भरला. दूध तुंबून छाती दगडासारखी झाली होती. शाल सोडायला गेले तर आईने माझा हात धरला.

"सुटली की रडेल ती."

"मग रडू दे की! पोर गेली तिची, आई. आता हीही जाईल."

 सकाळी पाहते तर आई कुदळ घेऊन वाफ्याकडे निघालेली. गावात बोभाटा नको म्हणून खळगा बुजवायला. मी धावले. ब्रिखिदाही तापात धडपडत मागोमाग आली.

आई काठावर थबकली होती. त्या मोठ्या खळग्याच्या पोटात ब्रिखिदाने आणखी एक लहानसा खळगा केला होता, तळव्याने गुळगुळीत सारवलेला. लाल रंग त्याच्यासाठी हवा होता. आई गुडघ्यांवर बसली. तिने त्यावर वीत ठेवली, मग आणखी अर्धी वीत.

"माझा याहून लहान होता," ती म्हणाली.

मला समजेना. "कोण?"

"तुझ्या आधीचा. तू थोरली नाहीस, ओती. सासूने हीच शाल बांधली होती. मी थेंब सांडला नाही."

ब्रिखिदाने विचारलं, "मग पोचला तो?"

आई म्हणाली, "कोण जाणे. सांगायला कोणी आलं नाही."

तिने उठून ब्रिखिदाच्या पाठीवरची गाठ सोडायला घेतली. गाठ घट्ट बसली होती, शेवटी दातांनी ओढली. शाल गळून पडली, दूध पोटावरून ओघळत खाली मातीत गेलं, आणि माझी बहीण इतक्या दिवसांनी मोठ्याने रडली. कुंपणापलीकडे दोन्या एर्मेलिंदा उभी होती. तिने हातातली टोपली खाली ठेवली आणि पहिल्यांदाच काही विचारलं नाही.

मला वाटलं, आई आता तिला घरात नेईल. पण तिने कुदळ उचलली आणि ब्रिखिदाच्या खळग्याशेजारी आणखी एक लहान खळगा खणायला लागली. तिचे खांदे हलत होते. आधी मला वाटलं, खणण्यानेच. मग तिच्या हनुवटीवरून पाणी मातीत पडताना दिसलं.

ब्रिखिदा घाबरली. एवढी शिकलेली बाई, पण तोंडून तेच निघालं, "आई, रडू नकोस. त्याचे पंख..."

"भिजू देत," आई म्हणाली. तिने कुदळ थांबवली नाही. "दोघं चालत जातील. आपल्या घरातलं कोण आजवर उडालंय?"