बाराच्या घंटेचा दर

शनिवारी दुपारी बारा वाजता मनोऱ्यातून बारा टोले पडले. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. ते घंटा वाजवणाऱ्या मास्तरांनी दिलेले नव्हते.

मी एक जुना दोर आहे. मित्रांनो, ते बारा टोले माझ्यातूनच गेले, म्हणून घडले ते क्रमाने सांगतो.

माझी लांबी एकोणीस मीटर. तागाचे तीन पीळ, आणि खाली माणसाच्या छातीच्या उंचीवर लोकरीची जाड मूठ. मला वळणाऱ्या कारागिराने दोन दिवस उन्हात ताणून ठेवले आणि म्हटले, "हा कुणाला दगा देणार नाही." एकतीस वर्षे मास्तरांनी मला सकाळी सहा, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहाला ओढले. बेकरीवाला माझ्या भरवशावर दुकान उघडतो, शाळा माझ्या भरवशावर सुटते. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

मागच्या वर्षी घंटेच्या तुळईला तडा गेला. सध्या ती लोखंडी पट्ट्यांनी आवळली आहे. नगरपालिकेने सांगितले, पर्यटकांचा हंगाम संपेपर्यंत नव्या तुळईचा खर्च उभा करा, नाहीतर विजेचा हातोडा बसवू. हातोड्याला दोर लागत नाही. मास्तरही लागत नाहीत.

मास्तरांची लेक हॉटेलात पाहुण्यांची नोंद करते. पाहुण्यांना घंटा वाजवायला शिकवायची, ही कल्पना तिची. पहिला दर मास्तरांनी ठरवला, एका कॉफीइतका. पाटी तीन आठवडे टांगलेली होती. एकही माणूस जिना चढला नाही.

"बाबा, या लोकांना स्वस्त म्हटलं की संशय येतो," लेक म्हणाली. "एका दिवसाच्या खोलीभाड्याइतका लावा."

"अगं, तेवढ्यात मी त्यांना घंटा बांधून घरी पाठवीन!"

दर वाढला आणि दुसऱ्याच दिवशी चौघे आले. त्यातल्या एकाने सव्वादहाला हौसेने इतके टोले दिले की शाळा सुटली. मुले खूश होती. मुख्याध्यापिका मनोऱ्याच्या पायथ्याशी येऊन जे बोलल्या, ते मी इथे सांगत नाही.

त्या दिवसापासून मास्तरांनी शिकवणीच्या वेळी घंटेतला लोखंडी लोलक चामड्याच्या पट्ट्याने बांधायला सुरुवात केली. घंटा फिरते, मी वर-खाली जातो, आवाज मात्र होत नाही. पाटीही त्यांनी नव्याने लिहिली. मुक्या घंटेचा एक तास, एका दिवसाच्या खोलीभाड्याइतका.

"आवाज न करण्याचे एवढे पैसे?" लेक हसली.

"आवाज कुणीही करतं. सोडायचं कधी, ते शिकायला वेळ लागतो."

खरेच आहे. मला ओढल्यावर घंटा उलटी फिरते आणि मी वर धावतो. त्या क्षणी लोकरीची मूठ सोडावी लागते. न सोडणारा माझ्याबरोबर वर जातो.

शिकायला आलेले जहाजांचे एक मालक असेच वर ओढले गेले. सोडा, सोडा, असे मास्तर ओरडत होते आणि ते हवेत पाय झाडत होते. खाली आल्यावर त्यांनी कोट झटकला आणि सांगितले, पूर्ण तुळईचे पैसे मी देतो, रविवारी बाराची घंटा मला वाजवू द्या, कुटुंब चित्रण करणार आहे.

"बाराची घंटा गावाची आहे साहेब. तिला दर नाही," मास्तर म्हणाले.

लेकीने त्या दिवशी बापाला दुपारी जेवायला वाढले. मग म्हणाली, "एका दुपारीत तुळई झाली असती, बाबा. दोरात तीन पीळ आहेत, तुमच्यात चार."

त्याच आठवड्यात एक श्रीमंत विधवा बाई आल्या. हातांत रेशमी हातमोजे. मास्तरांनी मोजे काढायला लावले. तळहात लोण्यासारखे होते. चौथ्या दिवशी फोड आले, आठव्या दिवशी ते वाळले. वाजवू द्या, असे त्यांनी एकदाही म्हटले नाही. अकरा दिवस त्या मुकी घंटा फिरवत राहिल्या. माझ्या मुठीला इतका नेमका हात मास्तरांनंतर त्यांचाच लागला.

शनिवारी पावणेबाराला मास्तर पट्टा सोडून शिडीवरून उतरत होते. पाय निसटला, खांदा निखळला. बाईंनी त्यांना उठवून तो हात गळ्यात बांधेपर्यंत बारा वाजायला चार मिनिटे उरली. मास्तर भिंतीला टेकून बसले, बाईंकडे पाहिले आणि म्हणाले, "मोजत राहा. बोलू नका."

बाईंनी मोजे खिशात घातले.

गावात कुणाच्याही लक्षात आले नाही. बेकरीवाल्याने घड्याळ जुळवले. हॉटेलात लेकीनेही टोले ऐकून बारा वाजल्याची नोंद केली. एकतीस वर्षांत इतके मोठे कौतुक मी ऐकलेले नाही.

संध्याकाळी बाईंनी लेकीला विचारले, "या बाराचे किती द्यायचे?" लेकीने बापाकडे पाहिले. बापाने गळ्यात बांधलेल्या हाताकडे पाहिले. पैसे घेतले नाहीत.

ही गोष्ट जहाजमालकांच्या कानावर गेली. त्यांनी नगरपालिकेकडे लेखी तक्रार केली, एकाला फुकट आणि दुसऱ्याला नकार कसा? बाराच्या घंटेचा दर बुधवारी चारच्या बैठकीत लेखी द्यावा, असा निरोप आला आहे. दर दिला तर तुळई होईल. नाही दिला तर हातोड्याचा प्रस्ताव त्याच बैठकीत आहे.

मित्रांनो, तुमच्या गावात असा एखादा दोर असेल तर त्याला ओल्या हातांनी धरू नका, वापरानंतर सैल टांगा, आणि ज्यांनी तो इतकी वर्षे सांभाळला त्यांना आधी विचारा.

आज मंगळवार. अकरा वाजून चव्वेचाळीस मिनिटे झाली आहेत. मास्तर स्टुलावर बसले आहेत. लेक खडू हातात धरून पाटीसमोर उभी आहे. 'बाराची घंटा' एवढे तिने लिहिले आहे, पुढची जागा कोरी आहे. बाईंनी खोलीचा मुक्काम आठवड्याने वाढवला आहे आणि आजचे बारा टोलेही द्यायचे म्हणून त्या पट्टा सोडायला शिडी चढत आहेत.