मर्यादवेल आणि पिशवीवाली आई

मी मर्यादवेल बोलतेय. हो, तीच ती जांभळ्या फुलांची, जिला पर्यटक चपला घालून तुडवतात. माझं बी समुद्रातून वाहत देवबागला आलं आणि इमेल्डाच्या घरापुढच्या वाळूत रुजलं. ना कुणी पाणी घातलं, ना खत. तरी बघा, ओट्यापासून भरतीच्या रेषेपर्यंत माझंच राज्य आहे.

इमेल्डाचा मुलगा लिओन घरात पाहुणे ठेवतो. त्याची बायको सेलिना शाळेत शिकवते. परवा ती सासूला ऑस्ट्रेलियातल्या एका प्राण्याविषयी वाचून दाखवत होती. बोटाएवढा हनी पोसम, आईच्या पोटाला पिशवी, पिशवीत पिल्लं, आणि खाणं काय तर फक्त फुलांतला मध आणि पराग. इमेल्डाला त्या आईचं भारी कौतुक वाटलं. मला मात्र राग आला. अहो, पिशवीत दोन-तीन पिल्लं सांभाळली तर एवढं कौतुक, आणि मी अख्खी वाळू धरून बसलेय ते कुणाला दिसत नाही?

दिसत नाही म्हणून तर शेजारच्या सत्यवानने गेल्या दिवाळीआधी आपल्या दारची वेल उपटून टाकली. पाहुण्यांना फोटोसाठी मोकळी पांढरी वाळू लागते. त्याच्या खोल्या भरल्या, खोटं कशाला बोलू? पण या पावसाळ्यात उधाणाने ती वाळू ओढून नेली आणि लाटा थेट त्याच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागल्या. तो कालपर्यंत समुद्रालाच शिव्या देत होता. माणसांचं हे असंच असतं.

एवढं बघूनही काल लिओन कुदळ घेऊन माझ्याकडे आला. सीझन तोंडावर आला होता ना! थोडी वेल उपटलीसुद्धा. मी काही घाबरले नाही, माझा तुटका तुकडाही वाळूत रुजतो. जीव कासावीस झाला तो मागच्या घरासाठी.

सेलिना ओटा उतरून आली. आवाज न चढवता म्हणाली, "त्या प्राण्याची फुलझाडा तोडली तर तो उपाशी मरता. आमचा काय येगळा आसा रे, लिओन?"

लिओन सत्यवानच्या भिंतीकडे बघत राहिला. मग कुदळ खाली ठेवून म्हणाला, "पाव्हण्यांका चलाक एक वाट पुरे." उपटलेली वेल त्याने गोळा केली आणि सत्यवानच्या दारात नेऊन लावली. सत्यवानही तिच्या मुळांवर वाळू ओढायला लागला.

तर मंडळी, खुशाल या. त्या वाटेने चाला, हवे तेवढे फोटो काढा. फक्त मला उपटू नका. माझी काळजी नको, मी कुठल्याही किनाऱ्यावर जगेन. मागे ओट्यावर इमेल्डा बसलीय, तिला जायला दुसरं घर नाही.