लाल मादी, हिरवा नर

“हा पक्षी अकरा दिवस जमिनीवर पाय टेकत नाही,” मावशी म्हणाल्या, “आणि तुम्हाला दोन जिने चढून धाप लागली!”

चाळीस पोरं खिदळली आणि काचेला नाकं लावून त्या पेंढा भरलेल्या मातकट, लांब चोचीच्या गॉडविटकडे बघू लागली. न खाता, न थांबता तेरा हजार किलोमीटरहून जास्त समुद्र ओलांडल्याची नोंद आहे या जातीची. दिसायला मात्र अगदी साधा. रस्त्यात भेटला तर कुणी मान वळवून बघणार नाही.

मी दाराशी उभा होतो. माझी जागा खरं तर तिकीट खिडकीवर, पण त्या दिवशी संग्रहालयाच्या पक्षिदालनात मावशींची परीक्षा होती. जुने गाइड निवृत्त झाले होते. त्यांच्या जागेसाठी तीन अर्ज आले. दोन पदवीधरांचे आणि तिसरा, बावीस वर्षं याच दालनातली कपाटं पुसणाऱ्या मावशींचा. शाळेतल्या मुलांना वीस मिनिटं दालन दाखवायचं, एवढीच परीक्षा. संग्रहालयाचे साहेब वही घेऊन मागे उभे होते.

अर्ज करू नका, हसं होईल, असं मीच त्यांना शहाणपणा शिकवला होता. “होऊ दे की भाऊ,” त्या म्हणाल्या होत्या. “इतकी वर्षं यांची धूळ झाडली, आता चार शब्द बोलू दे.” ऑफिसातली जुनी पुस्तकं पुसता पुसता त्यांनी वाचून काढली होती. शब्द अडला की खिडकीशी येऊन मला विचारायच्या. मलाही यायचा नाही, मग आम्ही दोघं मिळून शब्दकोशात डोकं घालायचो.

“आता हे पेंग्विन. बर्फात दोन महिने बाप पायांवर अंडं घेऊन उभा राहतो. उपाशी. घरी गेल्यावर बाबांना सांगा बरं का!” पोरं पुन्हा हसली. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं, चेहरा खूश. जागा मावशींच्या खिशात पडल्यातच जमा, असं मला वाटलं.

मग लाल पोपटाचं कपाट आलं. गेल्याच महिन्यात साहेबांनी दालनातल्या पाट्या नव्या करून घेतल्या होत्या. सगळा मजकूर त्यांनी जुनाट नोंदवहीतून स्वतःच्या हाताने उतरवला होता आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता. त्यात या पोपटाच्या पाटीवरची एक चूक जशीच्या तशी उतरली होती. मावशींनी मला ती दाखवली होती. मी त्यांना तोंडाला कुलूप लावायला बजावलं होतं.

एका मुलीनं पाटी वाचली. “लाल पोपट. स्वतंत्र जात.” मग विचारलं, “यातला नर कुठला?”

मावशी थांबल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ओठांवर बोट ठेवलं. पुढे चला म्हटलं असतं तरी निभावलं असतं.

“ही मादी आहे,” त्या म्हणाल्या. “हिच्या जातीचा नर त्या टोकाच्या कपाटात बसलाय, हिरवागार. रंग इतके वेगळे की मोठमोठे अभ्यासकसुद्धा शंभर वर्षं यांना दोन जाती समजत होते. ही झाडाची ढोली सोडत नाही, तो हिला दाणापाणी आणून भरवतो.”

“मग पाटी?”

“पाटी चुकलीय, बाळा.”

साहेबांचे कान लाल झाले. “मावशी, पाटीवर असेल तेच सांगायचं.”

“पाटी तर पोरं वाचतातच साहेब. मग मी कशाला?”

गुरुवारी निवडीचा कागद लागला. नाव एका पदवीधराचं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती निघाली मावशींवरच.

“एक मिनिट गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?”

“काही नाही. रोज त्या पाटीपुढे उभं राहून खोटं बोलावं लागलं असतं, एवढंच.”

“वाईट नाही वाटलं?”

“वाटलं की. का नाही वाटणार?” त्यांनी फडकं पिळलं. “लायरबर्डपर्यंत पोचलेच नाही मी. तो ऐकेल त्या आवाजाची नक्कल करतो ना, तर त्याची नक्कल बसवली होती मी. कॅमेऱ्याचा आवाजसुद्धा.” आणि त्यांनी तो मला करून दाखवला. इतका हुबेहूब, की मला हसावं की रडावं कळेना.

सोमवारी संग्रहालय बंद असतं, कपाटं उघडून साफसफाई होते. मी सहज वर डोकावलो. लाल पोपटाचं कपाट रिकामं होतं आणि पाटीच्या जागी स्क्रूची चार भोकं. मावशी लाल मादीला दोन्ही हातांत धरून दुसऱ्या टोकाशी स्टुलावर चढल्या होत्या, हिरव्याशेजारी जागा करत. खाली साहेब उभे होते. कोट खुर्चीवर, बाह्या दुमडलेल्या, कपाटाची काढलेली काच हातात.

“खालून धरा साहेब,” मावशी मागे न बघता म्हणाल्या. “काच जड असते.”

साहेबांनी खालून धरली.