डावीकडे वळलेली शेंग

मित्रांनो, मी एक जुना छापा आहे. घाबरू नका, पोलिसांचा नव्हे. कापडावर नक्षी उठवतात ना, तो मी. सागाच्या लाकडाचा, तळहाताएवढा. माझं डोकंही लाकडाचंच, त्यामुळे माझ्या बाबतीत जे घडलं ते मला अजून नीट उमगलेलं नाही. तुम्ही शाळेत जाता. तुम्हाला कळलं तर मलाही सांगा.

माझा जन्म शेलूबाजारला, युसूफ मिस्त्रींच्या दुकानात झाला. पोहरादेवीजवळच्या तांड्यावर रुपाबाई राहत. त्या पिशव्यांवर भरतकाम करून विकत. बाभळीच्या शेंगांची एक नक्षी त्यांनी स्वतः कागदावर काढून आणली. सगळ्या शेंगा उजवीकडे वळलेल्या. युसूफभाईंनी तो कागद लाकडावर चिकटवला आणि मन लावून मला कोरलं. रुपाबाईंनी मला निळीत बुडवून कापडावर दाबलं, आणि पाहतात तो काय, सगळ्या शेंगा डावीकडे! छापा उलटा कोरावा लागतो, हे युसूफभाई त्या दिवशी साफ विसरले होते.

"दुसरा करून देतो, रुपाबाई," ते ओशाळून म्हणाले.

"राहू दे, भाऊ. बाभळीले काय मालूम डावं-उजवं!" रुपाबाई हसल्या आणि मला पदरात गुंडाळून घरी घेऊन गेल्या.

पुढची बारा वर्षं माझी फार सुखाची गेली. मी ठसे उमटवायचे आणि रुपाबाई व त्यांची लेक मंजू यांनी त्यावर रंगीत धागे भरायचे. यात्रेत बाया येऊन विचारत, "डाव्या शेंगेची पिशवी हाये का?" ते ऐकून मी फुगून जात असे. फार फुगलो म्हणा किंवा निळीत फार भिजलो म्हणा, मला एक चीर पडली. मग मंजू हातानेच नक्षी काढू लागली आणि मी फळीवर पडून राहिलो. कोणी माझ्याकडे पाहीना. मला फार वाईट वाटे.

अशात मालेगावचे विनोदभाऊ आले. त्यांचं पिशव्यांचं दुकान आहे. "हा छापा दुकानात टांगतो, शोभा येईन," असं म्हणून त्यांनी रुपाबाईंना एक मोठी नवी कात्री दिली आणि मला घेतलं. एका कागदावर लिहिलं, 'छापा कायमचा दिला.' रुपाबाईंनी सही केली. मी गल्ल्यामागच्या खिळ्यावर जाऊन बसलो. म्हातारपणी मान मिळाला, असं मला वाटलं.

काही महिन्यांनी दुकानात मशीनवर छापलेल्या पिशव्यांचे गठ्ठे आले. प्रत्येकीवर माझ्याच शेंगा, डावीकडे वळलेल्या! मी वेड्यासारखा आनंदलो. रुपाबाईंना कोणी विचारलं का, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

रामनवमीच्या यात्रेत विनोदभाऊंनी मला थैलीत घालून पोहरादेवीला नेलं आणि रुपाबाईंच्या दुकानासमोर उंच धरलं. "हा छापा माहा हाये! या नक्षीच्या पिशव्या तुमी विकू नका!" छापा हा शब्द कानी पडताच शेजारच्या भजीवाल्याने आपलं घरगुती सिलिंडर गोधडीखाली लपवलं. लोक हसले. रुपाबाई मात्र हसल्या नाहीत. वर्षभर भरलेल्या पिशव्या त्यांच्यासमोर पडल्या होत्या.

"माहीच नक्षी मी काहून नाई काढाची?" एवढंच त्या म्हणाल्या.

पण कागद खरा होता, सहीही खरी होती.

शेवटी सगळे, युसूफभाईसुद्धा, पौर्णिमाताई वकिलांकडे जमले. मी त्यांच्या टेबलावर, कागदांच्या मधोमध. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. "विनोदभाऊ, छापा म्हणजे लाकूड की नक्षी? लाकूड विकलं म्हणून त्याच्यावरची नक्षी आपोआप विकल्या जात नाही. नक्षीचा हक्क द्याचा असन, तर तसं स्वच्छ लिहा लागते. जिनं काढली, नक्षी तिची."

विनोदभाऊ अडून बसले. "पण हिनं उजव्या शेंगा काढल्या होत्या! डाव्या तर युसूफभाईनं केल्या!"

माझ्या चिरेत धस्स झालं. खरंच की! सगळे युसूफभाईंकडे पाहू लागले. त्यांनी एक 'हो' म्हटलं असतं, तर रुपाबाईंच्या हातून सगळं गेलं असतं. युसूफभाईंनी मला उचललं, जरा वेळ अंगठ्याने शेंग चोळली आणि परत ठेवलं.

"चूक माही हाय, मॅडम," ते म्हणाले. "नक्षी तिची."

विनोदभाऊंनी त्या पिशव्या छापणं थांबवलं. पण लाकूड त्यांचंच राहिलं. मी पुन्हा खिळ्यावर आलो आणि माझा गोंधळ आणखी वाढला. ज्यांच्याकडे मी आहे, त्यांना माझी नक्षी वापरता येत नाही. जिची नक्षी आहे, तिच्याकडे मी नाही. मी एक की दोन? आणि दोन असेन, तर रुपाबाईंची आठवण कोणत्या अर्ध्याला येते?

मित्रांनो, वस्तू घ्याल तेव्हा तिच्यावरची कारागिरी कोणाची, हेही विचारत जा. आणि सही करण्याआधी एकेक शब्द वाचा. 'छापा' या एका शब्दापायी केवढं झालं, पाहा.

परवा रुपाबाई दुकानात आल्या. बरोबर युसूफभाई, हातात सागाचा नवा तुकडा. "विनोदभाऊ, माप घ्याचं हाये. जरा काढून देता का?" ज्या बाईने मला बारा वर्षं हाताळलं, तिला मला हात लावायला परवानगी मागावी लागली. विनोदभाऊंनी मान खाली घालून मला काढलं, धूळ पुसली आणि त्यांच्या हातात दिलं.

रुपाबाईंनी पिशवीतून नवा कागद काढला. शेंगा उजवीकडे वळलेल्या होत्या.

"या टायमाले बराबर उलटा कोरतो, रुपाबाई," युसूफभाई म्हणाले. "आता नाई चुकत."

"चुकत नाई म्हंजे?" रुपाबाई माझ्या शेंगेवरून बोट फिरवत म्हणाल्या. "मले तेच चूक पाह्यजे, भाऊ. नीट चुका."